लक्ष्मीबाई टिळक

नाशिकपासून थोड्या अंतरावर गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. या खेड्यात १८६८ साली गोखले यांच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका. घरात सर्व जण तिला मनू म्हणत. हीच मनू पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने साऱ्या महाराष्ट्रास परिचित झाली. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. तरीही तिने लिहिलेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची गणना मराठीतील उत्तम ग्रंथांत होते. अक्षरओळखही नसलेल्या या मुलीच्या हातून असा ग्रंथ कसा लिहिला गेला, हे कळावयाचे असेल तर तिच्या आयुष्यात किती मोठी वादळे आली आणि त्यांना ती कशी सामोरी गेली, हे आपण पाहिले पाहिजे.

मनूचे वडील स्वभावाने वाईट नव्हते. परंतु त्यांना सोवळ्याचे वेड होते. सोवळे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. स्नान करून, धुतलेले किंवा रेशमी वस्त्र नेसून, कोणाचाही स्पर्श होऊ न देता स्वयंपाक व देवपूजा करावयाची, आणि स्पर्श झालाच तर पुन्हा स्नान करावयाचे, असा तो आचार होता. तो त्या काळी अनेक घरी पाळला जाई. गोखल्यांच्या घरी मात्र त्याला काही सीमाच राहिली नव्हती. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांच्या सासऱ्यांना फाशी दिले. त्या भयंकर प्रसंगाचा धक्का त्यांच्या मनाला असा बसला, की सारे जगच त्यांना विटाळलेले दिसू लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात जात नसे. धान्य धुवावयाचे, सरपण धुवावयाचे, इतकेच काय, मीठदेखील धुवावयाचे!

मी तळेगाव दाभाडे येथे मुख्याध्यापक असताना हा भाग वर्गात सांगितला, तेव्हा एका मुलाने उभे राहून विचारले, की गुरुजी, मीठ धुतल्यावर उरत किती असेल? सारा वर्ग हसला. लक्ष्मीबाईंनीही हे सारे हसत हसतच लिहिले आहे. पण त्या घरातील बाईमाणसांचा जन्म धुण्यात आणि भिण्यात जात होता, हे त्या हसण्याच्या आड दिसल्यावाचून राहत नाही. स्पर्शाची भीती मनूच्या अंगी अशी लहानपणीच मुरली. पुढील कथा समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक निराळे आणि हे टिळक निराळे. हे टिळक कवी होते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली त्यांचा जन्म झाला होता. वडील अतिशय कडक होते. आई मात्र प्रेमळ व कवितेची आवड असलेली होती. नारायण लहान असतानाच आई वारली, आणि मग त्यांनी घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानांपाशी राहून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. वाणी गोड, बुद्धी तल्लख आणि मन अत्यंत उदार. परंतु एका जागी स्थिर राहणे त्यांच्या प्रकृतीतच नव्हते. आज एका गावी शिक्षक, तर उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार. कधी कोणास न सांगता ते निघून जात आणि महिनेमहिने त्यांचा पत्ता नसे. खिशात पैसा आला की तो पहिल्या गरजवंताच्या हाती पडे. सासरी गेल्यावर मनूची लक्ष्मी झाली खरी. पण त्या घरात लक्ष्मीचा मुक्काम फारसा कधी नसे.

अशा नवऱ्याबरोबर संसार करणे सोपे नव्हते. घरात कधी तांदूळ असे तर कधी नसे. मुले झाली आणि लहानपणीच गेली. तरीही या दोघांचे एकमेकांवर विलक्षण प्रेम होते. त्यांची भांडणेही जोराची होत आणि समेटही तितक्याच लवकर होई. टिळकांनीच पत्नीला अक्षरे शिकविली. ते धडे सुरू होत आणि बंद पडत, कारण गुरुजी उतावळे आणि शिष्या हजरजबाबी! परंतु लक्ष्मीबाई वाचू लागल्या. पुढे १८९१ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव दत्तू. हा मुलगा मात्र जगला, आणि आईचा जीव त्याच्यात गुंतून राहिला.

टिळकांची भटकंती नुसत्या पोटासाठी नव्हती. आपल्या देशातील माणसे जातीजातींत विभागलेली, एकाने दुसऱ्यास शिवू नये अशी स्थिती. मग हा देश कसा उभा राहणार, हा प्रश्न त्यांना छळत असे. नागपूर येथे असताना त्यांनी धर्मविषयक पुष्कळ वाचन केले, 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. जो धर्म सर्व माणसांस सारखे लेखील, जो नुसत्या पोथीत न राहता माणसाच्या वागणुकीत उतरेल, अशा धर्माच्या ते शोधात होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा पाद्री त्यांच्याजवळ बसला होता. दोघांचे कवितेवर बोलणे निघाले, मग धर्मावर निघाले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती बायबल ठेवले. टिळकांनी ते प्रथम केवळ शब्द पाळावयाचा म्हणून वाचावयास घेतले. परंतु येशू ख्रिस्ताने डोंगरावर केलेल्या प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. शत्रूवरही प्रेम करावे, उजव्या हाताने दिलेले दान डाव्या हातास कळू देऊ नये, असा तो उपदेश आहे. आपण शोधत होतो ते हेच, असे त्यांच्या मनाने घेतले.

मुलांनो, आज एखादा मनुष्य आपला धर्म बदलतो तेव्हा काय होते याची कल्पना आपणांस असेल. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ फार कठोर होता. धर्म बदललेल्या माणसास आप्तांच्या घरात ओटीपलीकडे पाऊल टाकता येत नसे. त्यास पाणी द्यावयाचे झाले तर वरून ओतावयाचे. तो जिवंत असूनही आप्तांना मेल्यासारखा होई, आणि त्याच्या बायकामुलांची स्थिती तर फारच चमत्कारिक होई. हे टिळकांस ठाऊक नव्हते असे नाही. दोन वर्षे ते मनाशी झगडत राहिले. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी त्यांनी मुंबईस अमेरिकन मिशनच्या देवळात बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. त्या आपल्या माहेरच्या माणसांत होत्या. बातमी येऊन थडकली आणि घरात जणू कोणी मेले असावे असा आकांत झाला. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, आणि दत्तू चार वर्षांचाही नव्हता. त्यांना अन्न गोड लागेना, झोप येईना. त्यांना वेड लागते की काय, अशी भीती घरच्यांना वाटू लागली. कपाळी कुंकू आहे, पण नवऱ्याच्या घरी जाता येत नाही. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. अशा बाईला समाजात नावच नव्हते. कोणी कीव करी, कोणी टोमणे मारी. कीव अधिक बोचते, की टोमणा अधिक बोचतो, हे ज्याचे त्यालाच माहीत!

त्यांच्या बहिणीने आणि मेहुण्यांनी, म्हणजे पेंडसे यांनी, त्यांना आधार दिला. पेंडशांच्या बिऱ्हाडी पंढरपूर येथे त्यांचे दिवस गेले. चंद्रभागेचे स्नान, विठोबाचे दर्शन, उपासतापास आणि सोवळेओवळे यांत त्या मन रमवू पाहत होत्या. दत्तूला कोणी पळवून तर नेणार नाही ना, ही धास्ती घरच्या मंडळींच्या मनात सदा असे. दत्तू खेळावयास गेला तरी कोणाचे ना कोणाचे लक्ष त्याच्याकडे असे.

टिळकांच्या बाजूस काय होते? राजनांदगावची नोकरी सुटली होती. आप्त व मित्र दुरावले होते. ते अहमदनगर येथे, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात तेथे, अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकवू लागले. तेथे मन लावून काम करीत, कविता लिहीत. पण घरी परतल्यावर घर रिकामे असे. नवीन धर्मात आलेल्या माणसाची पत्नी त्याच्याबरोबर राहावयास तयार नसेल, तर न्यायालयात जाऊन तो विवाह मोडून घेण्याची सोय सरकारने १८६६ च्या कायद्याने केलेली होती. तसे करून कित्येकांनी दुसरा संसार थाटलाही असेल. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्नीस पत्रे पाठवीत राहिले आणि वाट पाहत राहिले. एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली, चौथेही सरत आले.

येथे वर्गातील एका मुलीने मला मागे विचारलेला प्रश्न आठवतो. तिचे म्हणणे असे, की लक्ष्मीबाईंचे टिळकांवर इतके प्रेम होते, तर त्या लगेच त्यांच्याकडे का गेल्या नाहीत? आणि टिळकांचे त्यांच्यावर प्रेम होते, तर त्यांनी त्यांना विचारल्याखेरीज धर्म कसा बदलला? प्रश्न अगदी सरळ आहे, आणि मी त्या वेळी त्या मुलीस घाईने काहीतरी उत्तर देऊन खाली बसविले, याचे मला आजही वाईट वाटते. आता विचार करता मला असे वाटते, की टिळकांचा निर्णय त्यांच्या मनाशी प्रामाणिक होता; परंतु त्याची किंमत मोजताना त्यांनी आपल्याबरोबर दुसऱ्याचाही हात पुढे केला होता, आणि तो हात पुढे करण्याआधी त्या दुसऱ्या माणसास विचारलेले नव्हते. टिळकांच्या थोरवीस यामुळे उणेपणा येतो असे मी म्हणत नाही. पण जे झाले ते झाले म्हणून सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी स्वतः ते सांगितले आहे, रागाचा किंवा रडण्याचा सूर न लावता. आणि त्या लगेच गेल्या नाहीत, यात तरी त्यांची चूक काय होती? नवऱ्याला जे पटले ते त्यांना पटले नव्हते. न पटताच केवळ नवऱ्यामागून जाणे, हे त्या काळच्या बायकांना शिकविलेलेच होते. त्यात नवल नव्हते. त्या थांबल्या, यात नवल आहे.

अखेर १८९९ च्या सुमारास, साडेचार वर्षांच्या ताटातुटीनंतर, लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन टिळकांकडे आल्या. परंतु आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. धर्म आपला तो आपला, असे ठरवूनच त्या आल्या. त्यांची चूल वेगळी, पाण्याची घागर वेगळी, सोवळे पूर्वीसारखे. टिळकांनी या कशासही हरकत घेतली नाही. एका घरात दोन धर्म राहू लागले. हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. एकीकडे प्रार्थना चालली आहे, दुसरीकडे ओल्या लुगड्याने पाणी भरणे चालले आहे; आणि लहानगा दत्तू दोन्हीकडे बागडतो आहे. शेजारी ख्रिस्ती कुटुंबे होती. त्यांच्यात पूर्वी निरनिराळ्या जातींचे असलेले लोक होते. ज्यांची सावलीही जलालपुरास चालली नसती असेही होते. ही माणसे लक्ष्मीबाईंशी मायेने बोलत, अडीअडचणीला धावत. आणि लक्ष्मीबाई त्यांच्या हातचा पाण्याचा घोटही घेत नसत.

पुढे टिळकांबरोबर त्या राहुरी येथे राहावयास गेल्या. तेथे एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या होत्या. कोणी त्यांना उपदेश करीत नव्हते, कोणी पुस्तक वाचून दाखवीत नव्हते. त्या आपल्या मनालाच विचारीत होत्या: या जाती केल्या कोणी? देवाने, की माणसाने? गाय आणि घोडा यांच्यातील भेद डोळ्यांना दिसतो. तसा भेद या माणसांत कोठे दिसतो? विचार करता करता त्यांना असे दिसून आले, की जाती देवाने केलेल्या नाहीत, त्या माणसांनीच केल्या आहेत. आणि माणसाने केलेली वस्तू माणसास मोडता येते. एवढे मनास पटताच त्यांनी ठरवून टाकले, की आजपासून आपण कोणाच्याही हातचे खाऊ आणि कोणाच्याही हातचे पाणी पिऊ.

मला लक्ष्मीबाईंच्या चरित्रातील हा क्षण सर्वांत मोठा वाटतो. ज्या मुलीच्या घरी मीठ धुतले जात होते, तिने बालपणापासून अंगात मुरलेली भीती एका बैठकीत बाजूस सारली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या दिवशी त्या ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. प्रथम त्यांच्या मनातून जात गेली; धर्माचा विचार त्याच्या मागाहून आला. तो विचारही त्यांनी घाईने केला नाही. शेवटी १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. टिळकांना झालेला आनंद काय सांगावा! परंतु जे घर त्यांनी १८९५ साली आपल्या निर्णयाने मोडले होते, ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयाने पुन्हा उभे केले होते, ही गोष्ट ते कधी विसरले नाहीत. लक्ष्मीबाईंनाही आता काही आप्त दुरावले. काहींनी माया टिकवून ठेवली, त्यांचा उल्लेख त्या जन्मभर कृतज्ञतेने करीत राहिल्या.

यापुढील वर्षे नगर येथे गेली. टिळक १९०४ साली विधिपूर्वक धर्मोपदेशक झाले. ख्रिस्ती झाला म्हणजे मराठी मनुष्य परका होत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून ते ख्रिस्ताचे गुणगान अभंगांत आणि ओव्यांत करीत; टाळ-मृदंगाच्या साथीवर कीर्तन करीत. त्यांची भजने महाराष्ट्रातील ख्रिस्ती देवळांतून आजही गाइली जातात. त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. १८९९-१९०० सालच्या भयंकर दुष्काळात अनेक मुले पोरकी झाली होती. अशी मुले, गरीब विद्यार्थी, वाट चुकलेले पाहुणे, सर्वांस तेथे जागा मिळे. जागा टिळक देत. जेवण मात्र लक्ष्मीबाईंना घालावे लागे. डब्यात पीठ आहे की नाही, याची चौकशी न करता टिळक पाहुण्यास पाटावर बसवीत. यावरून त्या दोघांत कसे खटके उडत, ते 'स्मृतिचित्रे'त वाचून आजही हसू लोटते.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे एका कोवळ्या मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. हा मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजेच आपले बालकवी. टिळकांनी त्यास आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्यास दत्तूसारखेच वागविले. त्याचा हट्ट, त्याचा लहरी स्वभाव, त्याचे एकाएकी गप्प बसणे, हे सारे त्यांनी आईच्या मायेने सोसले. हिंदू मुलगा ख्रिस्ती घरात राहतो, जेवतो, यावर लोक बोलत असत. घरातील कोणी त्यास धर्म बदल असे म्हटले नाही. १९१८ साली भादली येथे आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला.

आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. नगरास प्लेगची साथ आली होती. प्लेग म्हणजे त्या काळी मृत्यूचे दुसरे नाव. घरात उंदीर मेला की लोक घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. नातेवाईक नातेवाइकाला शिवत नसत, आणि ते सोवळ्यासाठी नव्हे, जिवाच्या भीतीने. मिशनच्या वसतिगृहातील मुलींना साथीमुळे गावाबाहेर ठेवण्याची वेळ आली. त्यांच्याबरोबर राहावयास कोण जाणार, हा प्रश्न पडला. लक्ष्मीबाई गेल्या. तापाने फणफणलेल्या पोरींच्या कपाळावर त्यांनी हात ठेवला, त्यांना पाणी पाजले, त्यांची अंगे पुसली. जलालपूरच्या विहिरीवर दिवसभर धूत बसलेल्या वडिलांची त्यांना त्या वेळी आठवण झाली असेल काय?

१९१७ साली टिळकांनी पुन्हा एक निर्णय घेतला. मिशनच्या पगारावर राहून आपण ख्रिस्ताची खरी सेवा करू शकत नाही, परदेशी पैशाच्या आधारावाचून एका संन्याशासारखे राहिले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी पगार सोडला, ते साताऱ्यास जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' म्हणून एक मंडळी स्थापन केली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्वच ख्रिस्तभक्त एका कुटुंबासारखे असावेत, अशी त्यांची कल्पना होती. संन्यास नवऱ्याने घेतला तरी घरची चूल पेटवावीच लागते. पगार थांबल्याची झळ या खेपेसही लक्ष्मीबाईंना लागली. पण १८९५ सालची लक्ष्मीबाई आणि १९१७ सालची लक्ष्मीबाई यांत मोठे अंतर पडले होते. या खेपेस त्या टिळकांच्या बरोबर होत्या. भांडत होत्या, परंतु बरोबर होत्या.

टिळकांची प्रकृती ढासळत गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. आपल्या देहाचे दफन न करता आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पाळण्यात आली, आणि त्यांच्या अस्थी नगर येथे नेण्यात आल्या.

टिळकांच्या मागे लक्ष्मीबाई सतरा वर्षे जगल्या. काही काळ त्या कराचीस मुलाच्या घरी होत्या; पुढे नाशिकला परत आल्या. दत्तूचे आता देवदत्त नारायण टिळक झाले होते. वडिलांचे चरित्र लिहावे, असे त्यांच्या मनात होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा त्यांनी आग्रह धरला. लक्ष्मीबाई लिहू लागल्या. ज्या बाईला व्याकरण ठाऊक नव्हते, जिने कोणाच्या हाताखाली लेखनाचा अभ्यास केला नव्हता, ती जशी बोलत असे तशीच लिहू लागली. आपली फजिती झाली तेथे फजिती, टिळक चुकले तेथे टिळक चुकले, असे सारे त्यांनी जसेच्या तसे लिहिले. १९३४ पासून ते लेखन 'स्मृतिचित्रे' या नावाने भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र ते वाचून हसला आणि रडला. पुढे १९५० साली आणि पुन्हा २०१७ साली त्याचे इंग्रजी अनुवाद निघाले. आजही कोणी ते पुस्तक सहज उघडले, तर दोन पाने वाचून मिटून ठेवणे त्यास कठीण जाते.

पण या पुस्तकाइतकेच एक दुसरे काम त्यांच्या मनावर होते. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत लिहावे, म्हणून टिळकांनी १९०९ साली 'ख्रिस्तायन' या काव्यास आरंभ केला होता. सुरुवातीचे काही अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते अपुरे हस्तलिखित लक्ष्मीबाईंपाशी होते. ज्या धर्मापायी एकदा त्यांचे घर मोडले होते, त्याच धर्माचे ते काव्य होते. उतारवयात, डोळे अधू होत चालले असता, त्यांनी ते हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय स्वतः रचून ते पुरे केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. दोघांनी मिळून रचलेले ते काव्य १९३८ साली छापून निघाले.